वरिष्ठ महाविद्यालयाच्या आवारातील अकरावी-बारावी : साताऱ्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयाविषयी

माण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी दहावीच्या वर्गांना शिकवते. निकाल लागला की पालक एकच प्रश्न घेऊन येतात, "बाई, पोरीला अकरावीला कुठं घालायची?" गावाजवळच्या उच्च माध्यमिक शाळेत घालावी, की साताऱ्यात वरिष्ठ महाविद्यालयाला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात? आमच्या शाळेतील काही मुली साताऱ्यातील अशा एका आवारात शिकल्या आणि आजही शिकत आहेत. त्यांच्या निमित्ताने मी तेथे वरचेवर जाते. महाविद्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण पुढील गुणदोष अशा अनेक आवारांत थोड्याफार फरकाने आढळतील.

ज्या घरात आजवर कोणी पदवीपर्यंत पोहोचलेले नाही, त्या घरातील मुलीला मी हेच आवार सुचवेन. शिकवणे चांगले आहे, प्रयोगशाळाही सुसज्ज आहेत, परंतु तेवढ्यासाठी माणमधून साताऱ्याला जाण्याची गरज नाही. खरा लाभ असा की बारावीनंतर काय काय असते, त्यासाठी कोणते कागद लागतात आणि कोणाला विचारायचे, हे तिला दोन वर्षे आधीच डोळ्यांसमोर दिसते.

याचे एकच उदाहरण सविस्तर देते. भटक्या जमाती प्रवर्गातील आमची एक विद्यार्थिनी तेथे विज्ञान शाखेत होती. राखीव जागेसाठी लागणाऱ्या जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत पाठवायचा असतो, ही गोष्ट आमच्याकडील बहुतेक पालकांना सीईटीनंतर, म्हणजे व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेनंतर, प्रवेशाची मुदत डोक्यावर आल्यावरच कळते. या प्रवर्गासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. मुलीचे आजोबा शाळेची पायरी चढलेले नव्हते, त्यामुळे त्यांचा दाखला मिळणे शक्यच नव्हते. कार्यालयाच्या खिडकीपाशी ती गोंधळून उभी असताना बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने तिला बाजूला घेतले, वहीच्या पानावर वंशावळ काढायला लावली आणि आजोबांच्या चुलतभावांपैकी कोणी शाळेत गेले होते का, याची घरी चौकशी करायला सांगितले. एक निघाले. त्यांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळाला, प्रस्ताव वेळेत गेला आणि प्रवेशाच्या वेळी तिच्या हाती प्रमाणपत्र होते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शुल्कमाफी मिळते, परंतु राखीव जागेवरचा प्रवेश टिकला तरच तिचा उपयोग. ही मदत कोणत्याही माहितीपुस्तिकेत लिहिलेली नाही. ती मिळाली, कारण त्या दोघी एकाच आवारात होत्या.

माझा मुख्य आक्षेपही येथूनच सुरू होतो, कारण हा लाभ योजून दिलेला नाही, तो योगायोगाने मिळतो. न्यूयॉर्कमधील लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात १९७४ साली मिडल कॉलेज हायस्कूल सुरू झाले, ते शाळा अर्ध्यावर सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांना महाविद्यालयाच्या सहवासात ठेवण्याच्या उघड हेतूनेच. पुढे २००२ पासून अमेरिकेत अर्ली कॉलेज शाळांचा प्रसार झाला आणि त्यांत विद्यार्थी शाळेत असतानाच पदवीचे श्रेयांक (क्रेडिट) मिळवू लागले, काही तर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाइतके. आपल्याकडे मिळवलेले श्रेयांक साठवणारी श्रेयांकांची बँक आली, तरी बारावीचा विद्यार्थी आणि पदवीचा वर्ग यांच्यामध्ये, एक मंडळाकडे आणि दुसरा विद्यापीठाकडे, अशी भिंत कायम आहे. ती महाविद्यालयाला पाडता येणार नाही हे मान्य, पण बारावीच्या मुलांना महिन्यातून एखाद्या पदवी-वर्गात बसू देण्यासाठी कोणाची परवानगी लागावी असे मला वाटत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच साताऱ्यात आधी वसतिगृह उभारले, मग शाळा काढल्या आणि १९४७ मध्ये 'कमवा आणि शिका'च्या पायावर छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. वसतिगृहातील मुलाला पदवीपर्यंतची वाट सलग दिसावी, हा विचार या जिल्ह्याला नवा नाही.

आता ग्रंथालयाविषयी. कनिष्ठ विभागाच्या विद्यार्थ्याला एका वेळी एकच पुस्तक मिळते आणि अभ्यासिकेत पदवीच्या मुलांना प्राधान्य असते. भाड्याच्या एका खोलीत चौघीजणींत राहणाऱ्या मुलीला अभ्यासिकेतील खुर्ची पुस्तकापेक्षाही मोलाची असते, हे कोणीतरी लक्षात घ्यायला हवे. वसतिगृहाच्या बाबतीतही कनिष्ठ विभागाचा क्रम शेवटी लागतो, त्यामुळे जागा मिळेलच असे गृहीत धरू नये. कनिष्ठ विभागाचे वर्ग सकाळच्या सत्रात भरतात. साताऱ्याच्या जवळपासच्या गावांतील मुलींना एस.टी.ने रोज ये-जा करता येते, पण माण-खटावच्या मुलींना ते जमत नाही. सीईटीची तयारी फारशी करून घेतली जात नाही, तिची सोय बाहेर पाहावी लागते.

आणखी एक बाब पालकांनी अकरावीतच ध्यानात घ्यावी. मुलींचा मोफत एस.टी. पास बारावीपर्यंतच असतो. पदवीच्या पहिल्या वर्षापासून सवलतीच्या पासाचे पैसे भरावे लागतात आणि घरची ओढाताण असेल तर मुलीचे शिक्षण नेमके तेथे थांबते. म्हणून त्याच आवारात पुढे पदवी घेणाऱ्या मुलींची नावे कनिष्ठ विभागाने बारावीच्या परीक्षेपूर्वीच 'कमवा आणि शिका' योजनेसाठी घ्यावीत, अशी विनंती मी प्राचार्यांना लेखी दिली आहे. प्रवेशासाठी जाणाऱ्या पालकांनी शुल्काची पावती घेण्याआधी अभ्यासिका स्वतः पाहावी, जात वैधतेचे काम कोणत्या लिपिकाकडे आहे ते विचारावे आणि वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी भरावा.