रास्पबेरी पाय 400: कोकणातल्या शाळेच्या संगणक कक्षात

कीबोर्डातच बसवलेला हा संगणक 2020 साली आला. 4 जीबी रॅम. टायपिंग आणि स्क्रॅच, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांना पुरे. व्हिडिओ संपादनाची अपेक्षा नको.

किनाऱ्यावर याचा खरा गुण म्हणजे पंखा नाही. साध्या डेस्कटॉपचा पंखा खारी हवा आत ओढतो आणि रॅमच्या पट्टीचे पाय काळवंडतात. इथे गंज धरतात ती मागची मायक्रो एचडीएमआय (मॉनिटर जोडायची) आणि मेमरी कार्डाची खाच. गणपतीच्या सुट्टीत यंत्रं झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसह ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरा.

मोठा दोष: यंत्राची सगळी प्रणाली मेमरी कार्डावर असते; वीज अचानक गेली की त्यावरची फाइल व्यवस्था बिघडू शकते, आणि पावसाळ्यात वीज जातेच. संगणक-मॉनिटरच्या चार जोड्यांना 600 व्हीएचा यूपीएस नीट बंद करण्यापुरता चालतो. बंद करताना एफएन आणि एफ10 दोन सेकंद दाबायचे. मुलं थेट विजेचं बटण पाडतात, तिथे लक्ष हवं. तयार कार्डाची एक प्रत कपाटात असू द्या.

हेडफोनची खाच नाही, आवाज मॉनिटरमधून. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर आधी देवनागरी फाँट टाका. चार्जर 5 व्होल्ट, 3 अँपिअरचाच. मोबाइलचा लावून काटकसर नको.