म्हापशातील खाणावळीत लायन्सचा कसोटी सामना

ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या रग्बी संघाच्या 2025 मधील ऑस्ट्रेलिया दौऱ्यातील मेलबर्नची दुसरी कसोटी आम्ही 26 जुलैला दुपारी साडेतीन वाजता म्हापशातील एका खाणावळीत पाहिली. मासेमारी बंदीमुळे ताजा बांगडा नव्हता, परंतु सुक्या सुंगटांची (कोळंबीची) खोबरे घातलेली कुरकुरीत किसमूर आणि उकड्या तांदळाचा भात उत्तम होता. सोलकढी मात्र पाणचट. 23-5 असे पिछाडीवर पडलेले लायन्स अखेरच्या क्षणी ह्यूगो कीननच्या ट्रायमुळे (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेल्या गुणांमुळे) 29-26 ने जिंकत असताना, मालकाने नेमका तेव्हाच बिल मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी आवाज बंद केला, हे अक्षम्य होय. पडदा मोठा आहे. खांबामागचे टेबल मात्र घेऊ नये.