त्रिनिदादमध्ये चित्रपटगृहात जाणे : वर्षभरानंतरचा अनुभव

नोकरीच्या निमित्ताने त्रिनिदादला येणाऱ्या भारतीय माणसाला समुद्रकिनारे, क्रिकेट आणि कार्निव्हल यांविषयी सगळेच सांगतात. चित्रपटगृहात जा, असे मात्र सहसा कोणी सुचवत नाही. मी गेले वर्षभर राजधानी पोर्ट ऑफ स्पेन आणि शाग्वानस या दोन गावांत नियमितपणे चित्रपट पाहत आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, इथल्या माणसांच्या शेजारी बसून, त्यांच्याइतकेच पैसे मोजून आणि त्यांच्याइतक्याच मोकळेपणाने संध्याकाळ घालवण्याची इतकी सहज जागा या देशात दुसरी नाही. गैरसोयी आहेतच आणि त्या पुढे सविस्तर लिहितो; पण नव्याने येणाऱ्याने पहिल्या महिन्यातच एखादा चित्रपट इथे पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रथम व्यवस्थेविषयी. पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेला, इन्व्हेडर्स बे येथे ऑड्री जेफर्स महामार्गाला लागून मूव्हीटाउनचे दहा पडद्यांचे संकुल 2002 पासून आहे. याच कंपनीची चित्रपटगृहे शाग्वानस आणि सॅन फर्नांडो येथेही आहेत. वुडब्रुक भागातील वन वुडब्रुक प्लेस येथे 2011 पासून आयमॅक्सचा मोठा पडदा आहे. पूर्वेकडे राहणाऱ्यांना ट्रिन्सिटी मॉलमधील पडदे जवळ पडतात. खुर्च्या, पडदा आणि आवाज या तिन्ही बाबतींत पुण्या-मुंबईच्या चांगल्या मल्टिप्लेक्सच्या तुलनेत मला काहीही कमी वाटले नाही. तिकीट मात्र महाग वाटते. त्रिनिदादचा एक डॉलर म्हणजे साधारण 12 ते 13 रुपये, आणि हा हिशेब मनात चालू असेपर्यंत पॉपकॉर्न आणि थंड पेय घेताना हात आखडतो. पगार इथल्या चलनात मिळू लागला की ती टोचणी हळूहळू कमी होते. वातानुकूलन अतिशय कडक असते. बाहेर अंगाला घाम फुटलेला असताना आत शिरल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरते, म्हणून स्थानिक लोकही जाकीट बरोबर ठेवतात, आणि लहान मुले बरोबर असतील तर त्यांच्यासाठी स्वेटर घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

जाण्यायेण्याचा प्रश्न स्वतःची गाडी नसणाऱ्याला अधिक जाचतो. दिवसा मॅक्सी टॅक्सी, म्हणजे ठरलेल्या मार्गावर धावणाऱ्या छोट्या बसगाड्या, स्वस्त आणि भरपूर असतात. अंगावरच्या पट्ट्याच्या रंगावरून त्यांचा भाग ओळखता येतो : राजधानीच्या पश्चिमेकडील भागासाठी पिवळा, पूर्वेकडील पट्ट्यासाठी लाल, मध्य आणि दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी हिरवा. शाग्वानसला जायचे असेल तर साउथ की रस्त्यावरील सिटी गेट या थांब्यावरून हिरव्या पट्ट्याची गाडी मिळते. रात्रीचा खेळ सुटल्यावर मात्र या गाड्यांचा भरवसा धरता येत नाही, आणि महामार्गाच्या कडेने चालत जाण्याचा विचार कोणीही करू नये. अशा वेळी ओळखीचा चालक किंवा मोबाईलवरून बोलावलेली गाडी हाच योग्य मार्ग. अधिकृत टॅक्सीच्या पाटीवर एच हे अक्षर असते. पी अक्षराची खासगी गाडी थांबून ‘येता का’ असे विचारू लागली, तर नवख्या माणसाने नम्रपणे नकार द्यावा. या कारणाने मी स्वतः दुपारचा किंवा सायंकाळी लवकर सुटणारा खेळ पसंत करतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती सांगतो, आणि ती म्हणजे इथला प्रेक्षक. तो पडद्याशी बोलतो. भयपटातील नायिका अंधाऱ्या तळघराच्या दाराशी पोहोचली की मागच्या रांगेतून ‘डोह गो इन दे, गर्ल!’ (आत जाऊ नकोस, पोरी!) असा कळवळून दिलेला इशारा येतो, दुसरा कोणीतरी त्याला दुजोरा देतो, आणि ती तरीही आत गेलीच तर सबंध प्रेक्षागृहातून तिच्या हट्टीपणाबद्दल एकमुखाने हळहळ व्यक्त होते. खलनायकाला शिक्षा होते तेव्हा टाळ्या पडतात. संवाद फसला तर तो तिथल्या तिथे सुधारून दिला जातो, आणि ती सुधारणा बहुधा मूळ संवादापेक्षा सरस असते. शांतपणे चित्रपट पाहण्याची सवय असलेल्या माणसाला सुरुवातीला हा व्यत्यय वाटेल. माझ्या मते मात्र तिकिटाच्या पैशात मिळणारा हाच सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण या बोलण्यात उद्धटपणा नसतो. त्याला एक लय असते आणि एक अलिखित शिस्तही असते. शोकाच्या प्रसंगी सगळे गप्प होतात, आणि एखादा तेव्हाही बोललाच तर त्याला शेजारचेच लोक गप्प करतात.

या सवयीची मुळे जुनी आहेत. मल्टिप्लेक्स येण्यापूर्वीच्या एकपडदा चित्रपटगृहांत पिट, हाउस आणि बाल्कनी असे वर्ग असत. पिट म्हणजे पडद्याच्या अगदी पुढची, लाकडी बाकांची, सर्वांत स्वस्त जागा. आपल्याकडे नाटकाच्या संदर्भात पिटातल्या प्रेक्षकाविषयी जे जे लिहिले गेले आहे, ते सारे इथल्या पिटातल्या प्रेक्षकालाही लागू पडावे. हॉलिवूडच्या युद्धपटांचा आणि काउबॉयपटांचा या तरुण प्रेक्षकांवर इतका पगडा होता की, 1940 च्या दशकात तेलाच्या पिंपांपासून स्टीलपॅन हे वाद्य घडवणाऱ्या वाद्यवृंदांपैकी अनेकांनी आपली नावे चित्रपटांवरून घेतली. कॅसाब्लांका आणि डेस्टिनेशन टोकियो ही त्यांपैकी दोन. राजधानीतील ती जुनी चित्रपटगृहे आज त्या रूपात उरलेली नाहीत. सेंट जेम्सच्या वेशीवरच्या गोल चौकातील रॉक्सीच्या इमारतीत पिझ्झाचे दुकान आले आणि कीट स्ट्रीटवरील डीलक्समध्ये नाइट क्लब झाला. पिटाचा बाक गेला, पण पिटाची वाणी वातानुकूलित मल्टिप्लेक्समध्येही टिकून राहिली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

सेंट जेम्स हा भाग मराठी माणसाने आवर्जून पायी फिरावा असा आहे. तिथे बॉम्बे स्ट्रीट, कलकत्ता स्ट्रीट आणि दिल्ली स्ट्रीट हे रस्ते एकमेकांजवळ आहेत. वेस्टर्न मेन रोडवर हाजी गोकूल मिया यांच्या नावाची मशीद उभी आहे. काश्मीरमधून लहानपणी इथे आलेल्या याच गृहस्थांच्या कुटुंबाने ग्लोब नावाची चित्रपटगृहांची साखळी उभारली, आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या ग्रीन कॉर्नर येथील ग्लोब तर अनेक पिढ्यांच्या आठवणीत आहे. 1845 ते 1917 या काळात सुमारे 1,44,000 भारतीय करारबद्ध मजूर म्हणून या बेटावर आणले गेले. ते बहुतांशी आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधून, कलकत्त्याच्या बंदरातून आले. महाराष्ट्राचा त्यात वाटा नगण्य होता. त्यांच्या वंशजांना 1935 मध्ये ‘बाला जोबन’ हा पहिला हिंदी बोलपट पाहायला मिळाला. तो रणजित कुमार यांनी इथे आणला होता, आणि तेव्हापासून मुंबईत तयार झालेली प्रतिमा आणि गाणी या समाजाच्या घरात वस्तीला आली.

म्हणूनच इथे हिंदी चित्रपट पाहणे हा भारतात पाहण्यापेक्षा अगदी निराळा अनुभव ठरतो. प्रेक्षागृहातील बहुसंख्य लोकांना हिंदी समजत नाही. तरुणांना तर मुळीच नाही, आणि वडीलधाऱ्यांना भोजपुरीचे काही शब्द आणि पूजेतील मंत्र तेवढे येतात. त्यामुळे सर्वांची नजर इंग्रजी सबटायटलवर असते, आणि विनोदावर हशा संवाद संपण्याच्या क्षणभर आधीच पिकतो, कारण वाचणारा ऐकणाऱ्याच्या पुढे असतो. एकदा शाग्वानसला माझ्या शेजारी एक वयस्कर बाई नातीला घेऊन बसल्या होत्या. संवाद चालू असताना चष्मा सावरून त्या खालची ओळ बारकाईने वाचत आणि नातीच्या कानात सांगत. पण एका प्रसंगात पार्श्वभूमीला जुन्या गाण्याची धून वाजली, तसा त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि ते सबंध कडवे स्वच्छ उच्चारांत गुणगुणले. मध्यंतरी मी त्यांच्याशी हिंदीत बोलू लागलो, तेव्हा त्यांनी हात जोडून इंग्रजीत सांगितले की गाण्याखेरीज त्यांना त्या भाषेतील काहीच येत नाही; ती गाणी त्यांनी लहानपणी रेडिओवरून उचलली होती. पाच-सहा पिढ्यांनंतर, अर्थ हरवूनही, सूर आणि शब्द इतक्या निष्ठेने जपणारा प्रेक्षक आपल्या चित्रपटसृष्टीला या लहानशा बेटावर मिळाला आहे. तिने त्याची योग्य ती दखल घेतलेली नाही, असे मला प्रकर्षाने वाटते.

मध्यंतराचा उल्लेख केला म्हणून स्पष्ट करतो : इथे सहसा मध्यंतर नसते. हिंदी चित्रपटात पडद्यावर ‘मध्यंतर’ अशी पाटी येते आणि काही क्षणांतच उत्तरार्ध सुरू होतो. त्या दिवशी यंत्रात बिघाड होऊन दिवे लागले, म्हणून बोलायला उसंत मिळाली. तीन तासांचा चित्रपट सलग पाहायचा असेल तर खाणेपिणे आधीच उरकावे. त्यासाठी बाहेरच्या गाडीवरचे डबल्स, म्हणजे ‘बारा’ नावाच्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्यांमध्ये छोल्यांची रस्सेदार भाजी, हे पॉपकॉर्नपेक्षा कितीतरी चांगले. मिरचीचा सॉस मात्र बेताने मागावा, कारण तो कोल्हापुरी जिभेलाही जड जातो.

माझी मुख्य तक्रार हिंदी चित्रपटांच्या अनिश्चिततेविषयी आहे. मोठ्या नटांचे चित्रपट भारताबरोबर त्याच आठवड्यात लागतात, पण त्यांना दिवसातून एखाद-दुसरा खेळ मिळतो आणि पुष्कळदा आठवड्याभरात ते उतरतात. मध्यम आवाक्याचे, चांगल्या कथेचे चित्रपट येतच नाहीत. एका चित्रपटगृहात तर जाहीर झालेला खेळ प्रेक्षक कमी म्हणून ऐनवेळी रद्द झाला. पैसे परत मिळाले, परंतु तासाभराचा प्रवास वाया गेला. दुसऱ्या एका ठिकाणी सबटायटल पडद्याच्या खाली कापली जात होती आणि सांगूनही ती दुरुस्त झाली नाहीत. मला त्यांची गरज नव्हती; ज्यांना होती ती कुटुंबे अर्ध्यातून उठून गेली, आणि हे पाहणे मला फार लागले. मराठी चित्रपट इथे पडद्यावर येईल अशी अपेक्षा कोणी धरू नये. वर्षभरात एकही आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वितरकांच्या दृष्टीने त्यात व्यवहार नाही, हे समजण्यासारखे आहे.

त्रिनिदादचे स्वतःचे चित्रपट पाहण्याची इच्छा असेल तर सप्टेंबर महिना राखून ठेवावा. 2006 पासून होणारा त्रिनिदाद आणि टोबॅगो चित्रपट महोत्सव या काळात असतो. कॅरिबियन बेटांवर तयार झालेले कथापट, लघुपट आणि माहितीपट तिथे एकत्र पाहायला मिळतात. एरवी ते गाठणे अवघड असते. 1974 चा ‘बिम’ हा एका भारतीय वंशाच्या मुलाची कथा सांगणारा चित्रपट कुठे दाखवला जात असेल तर सोडू नये. त्यात प्रमुख भूमिका करणारे राल्फ मराज पुढे या देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. महोत्सवातील प्रेक्षक नेहमीच्या खेळांपेक्षा शांत असतो, आणि चित्रपटानंतर दिग्दर्शक समोर असेल तर प्रश्न बिनदिक्कत विचारतो.

भारतातून आईवडील पाहुणे म्हणून येणार असतील, तर त्यांना शाग्वानसला रविवारी दुपारच्या हिंदी चित्रपटाला न्यावे, अशी माझी शिफारस आहे. आठवड्याचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे, निघण्यापूर्वी फोन करून खेळ होणार असल्याची खात्री करून घ्यावी, आणि जागा शक्यतो मधल्या रांगांतील घ्याव्यात, म्हणजे मागच्यांचे बोलणे ऐकू येते आणि पुढच्यांचे चेहरेही वळून हसताना दिसतात.