सीबी ३१ ची झाली सीबी ३२

बर्मिंगहॅमला नोकरीसाठी आलो आणि कळलं की बीएसए मोटारसायकलींचा कारखाना इथेच, स्मॉल हीथला होता. तेव्हापासून त्यांच्या गोल्ड स्टार या गाडीचं खूळ डोक्यात शिरलं. १९३७ मध्ये वॉल हँडलीने बीएसएवरून ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ताशी १०० मैलांहून जास्त वेगाने फेरी मारली, तेव्हा त्याला सोनेरी ताऱ्याचा बिल्ला मिळाला. गाडीचं नाव त्यावरूनच पडलं.

विकणारा साठीतला, गोड बोलणारा. गाडी गोल्ड स्टारचं डीबीडी ३४ मॉडेल, ५०० सीसी, १९५९ ची. किंमत १३ हजार पौंड, म्हणजे चालू भावापेक्षा जराशीच कमी. फार स्वस्त सांगितली असती तर मलाच वास आला असता! इंजिन आणि फ्रेमचे नंबर वेगळे दिसले म्हणून विचारलं, तर हसून म्हणाला, "त्या काळच्या बीएसएचे नंबर जुळत नाहीतच. कुणालाही विचारा." विचारलं. खरंच होतं ते. आणि या एका खऱ्या वाक्यावर मी बाकी सगळ्यावर विश्वास ठेवला. कागदपत्रांतही तेच नंबर होते, पैसे बँकेतून पाठवले.

ओळखीच्या जुन्या मेकॅनिकने गाडीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, सरळ जमिनीवर आडवा झाला. गोल्ड स्टारच्या फ्रेमची उजवीकडची खालची नळी तेलाच्या पंपाला जागा मिळावी म्हणून वाकवलेली असते. माझी सरळसोट. गोल्ड स्टारला नसलेले, साइडकार जोडायचे लोखंडी कान घासून काढल्याच्या खुणाही होत्या. मग त्याने टॉर्च तिरका धरून फ्रेमचा नंबर दाखवला. गोल्ड स्टारच्या फ्रेमचा नंबर सीबी ३२ ने सुरू होतो. माझ्या सीबी ३२ मधल्या २ खाली १ ची उभी रेघ! सीबी ३१ म्हणजे बी ३१, बी ३३ या साध्या, रोज कामावर जायच्या गाड्यांची फ्रेम.

इंजिन मात्र अस्सल निघालं. म्हणूनच तर फसलो.

कोणत्या फ्रेममध्ये कोणतं इंजिन बसवून गाडी कारखान्याबाहेर पडली, हे बीएसएच्या जुन्या वह्यांत लिहिलेलं आहे. व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडून ती नोंद थोडी फी भरून मिळते. मी ती मागवली, पण पैसे देऊन झाल्यावर. तुम्ही आधी मागवा. विकणारा 'कशाला उगाच' म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. माझ्या विक्रेत्याचा फोन आता लागत नाही. पोलिसांनी तक्रारीचा नंबर दिलाय, तेवढंच.

नोंदीप्रमाणे माझ्या इंजिनाची जोडीची फ्रेम वेगळीच आहे. तीही कुठे तरी असेल, आणि तिच्यात भलतंच इंजिन घालून कुणी तरी 'नंबर जुळत नसतातच' म्हणून सांगत असेल.