बजीची पिसगळ लांबलीय: व्हिटॅमिन ड्रॉप्स की उकडलेलं अंडं?

बजीची, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात त्या छोट्या पोपटाची, पिसं गळायला लागली आणि महिना उलटला तरी थांबेनात की रत्नागिरीकडे पहिला सल्ला मिळतो ड्रॉप्सचा. सोपं आहे, वाटीत थेंब टाकले की झालं, पण आपल्याकडच्या दमट उकाड्यात ते पाणी लवकर बुळबुळीत होतं, चव बदलली की पक्षी पाणीच कमी पितो आणि पोटात नेमकं किती गेलं ते कळतच नाही.

अंड्याचं तसं नाही. पीस म्हणजे जवळपास सगळं केराटिन, म्हणजे प्रोटीनच, ते नुसत्या राळ्यावर कसं भागणार? कडक उकडलेलं अंडं कुस्करून अगदी थोडंसं, आठवड्यातून दोन-तीनदा द्या, सोबत शेवग्याचा कोवळा पाला. उरलेलं मात्र दोन तासांत उचला, नाहीतर मुंग्या आल्याच. डोक्यावर पांढऱ्या आवरणातले काटे दिसले की समजा नवीन पिसं येतायत, ती ओढू नका हो, वाढत्या पिसात रक्त असतं.

माझं मत अंड्यालाच, ड्रॉप्स फक्त डॉक्टरांनी सांगितले तर. आणि टक्कल पडलं किंवा पक्षी दिवसभर फुगून बसला, तर दोन्ही राहू दे, सरळ पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.