पांढरी पडणारी हेल्प फाइल: प्रत्येक पीसीवर अनब्लॉक करावी की सर्व्हरवर एकच प्रत ठेवावी?

"दादा, डावीकडे सगळी यादी दिसतेय, पण उजवीकडे नुसतं पांढरं." सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरचा हा फोन मला पहिल्यांदा आला तेव्हा मीही म्हणालो, फाइल खराब झाली असेल, उद्या दुसरी टाकतो. दुसरी टाकली, तीही पांढरीच. सीएचएम फाइल (विंडोजची हेल्प फाइल, नावाच्या शेवटी .chm असते ती) वापरणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं असेल. फाइल धडधाकट असते, विंडोजने तिला अडवलेलं असतं.

अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचे अकरा पीसी मी सांभाळतो. मशिनचे अलार्म कोड, पॅरामीटर, सगळं या हेल्प फाइल्समध्ये आहे. त्या नीट उघडाव्यात म्हणून मी दोन्ही वाटा काही महिने वापरल्या. तुम्ही आता त्याच वळणावर असाल तर माझा अनुभव कामी येईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्यामुळे माझे दोन दिवस वाया गेले. इथे कुलपं दोन आहेत आणि त्यांच्या किल्ल्या वेगळ्या. पहिलं कुलूप २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासूनचं. मेलमधून किंवा इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी जोडतं, 'ही बाहेरून आली आहे' अशी. दुसरं जून २००५ च्या सुरक्षा अपडेटचं. सीएचएमच्या पोटात स्क्रिप्ट चालू शकते, म्हणून नेटवर्कवरच्या फोल्डरमधली सीएचएम उघडणंच तेव्हापासून बंद झालं. त्यामुळे सर्व्हरवरच्या फाइलला कितीही वेळा अनब्लॉक केलं तरी पान पांढरंच राहतं.

पहिली वाट म्हणजे फाइल प्रत्येक पीसीच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवायची आणि प्रॉपर्टीजमध्ये तळाशी असलेल्या 'अनब्लॉक'च्या चौकोनात टिक करायची. अकरा पीसी, प्रत्येकावर सात-आठ फाइल्स, म्हणजे कंटाळवाणं काम, हे खरंच. पण फाइल्स झिपमध्ये आल्या असतील तर आधी झिपच अनब्लॉक करा आणि मग उघडा. नाहीतर विंडोज ती चिठ्ठी आतल्या एकेका फाइलला चिकटवतं. आधीच उघडून बसला असाल तर पॉवरशेलमधली (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) 'अनब्लॉक-फाइल' आज्ञा पूर्ण फोल्डर एका दमात मोकळं करते. आणखी एक: ही चिठ्ठी एनटीएफएस (विंडोजची नेहमीची डिस्क-मांडणी) डिस्कवर टिकते, एफएटी३२ या जुन्या मांडणीवर नाही. एफएटी३२ पेनड्राइव्हवरून नेलेली फाइल तिकडे निमूट उघडते. 'त्याच्या पीसीवर चालते, माझ्या नाही' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा हेच निघालं.

दुसरी वाट कागदावर जास्त देखणी. सर्व्हरवर एकच प्रत, आणि प्रत्येक पीसीच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) एचटीएमएल-हेल्पच्या विभागात 'मॅक्स-अलाउड-झोन' ही किंमत १ करायची, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला परवानगी. नवीन आवृत्ती आली की एका जागी बदलली, संपलं. मला स्वतःला ही कल्पना फार आवडली होती. फक्त सर्व्हरचा पत्ता नावानेच द्यावा लागतो. आयपी आकड्यांनी दिला की विंडोज त्याला इंटरनेट समजतं आणि पुन्हा पांढरं.

हे सगळं मी केलं. फाइलवर डबल-क्लिक केलं, झकास उघडली. समाधानाने घरी गेलो आणि रात्री पुन्हा फोन: "दादा, पांढरं." ऑपरेटर डबल-क्लिक करतच नाही ना! त्याच्या हाताला कूलंट लागलेलं असतं, स्क्रीनवर अलार्म असतो, तो एफ१ दाबतो, म्हणजे हेल्प फाइल मशिनचं सॉफ्टवेअरच उघडतं. आमचं सॉफ्टवेअर ३२ बिटचं, विंडोज ६४ बिटचं. ३२ बिटचा प्रोग्रॅम रजिस्ट्रीतली वेगळी जागा वाचतो, 'वाव-६४३२-नोड' नावाची. म्हणजे तीच किंमत दोन ठिकाणी लिहायची, प्रत्येक पीसीवर. तेही केलं. मग एक पीसी फॉरमॅट झाला आणि ते लिहायचं राहिलं. कळलं कधी? रात्री साडेअकराला, मशिन थांबल्यावर. माझं मन तिथेच फिरलं.

सर्व्हरची वाट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. डोमेन असेल (म्हणजे सगळे पीसी एका सर्व्हरच्या ताब्यात), त्याच्या ग्रुप पॉलिसीने सगळीकडे एकदम किंमत पोचवता येत असेल आणि हेल्प दर महिन्याला बदलत असेल, तर तीच सोयीची ठरेल. तेव्हाही पूर्ण नेटवर्कला मोकळीक न देता रजिस्ट्रीतल्याच 'यूआरएल-अलाउ-लिस्ट'मध्ये तेवढंच एक फोल्डर लिहावं, असं माझं मत. ती अडवणूक उगाच आलेली नाही.

सीएचएम उकलून साधी एचटीएमएल पानं करणं हाही मार्ग आहे, पण शोध आणि अनुक्रमणिका जाते. अलार्म नंबर टाकून शोधणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

आमच्याकडे आता प्रत्येक पीसीवर सी ड्राइव्हमध्ये 'मदत' नावाचं फोल्डर आहे, आत अनब्लॉक केलेल्या प्रती. फोल्डरला 'मशिन #३' असं नाव मात्र देऊ नका. वाटेत हॅश आला की सीएचएम त्यानेही पांढरी पडते, आणि मग आपण चिठ्ठी शोधत बसतो. सगळं बसवून झालं की डबल-क्लिकवर थांबू नका, सॉफ्टवेअर उघडून एफ१ दाबून पाहा.