नानांच्या दुबईसाठी घेतलेला रेकॉर्डर, आठ महिने वापरून लिहितेय

आधीच सांगते, मी गाणंबिणं करत नाही आणि माझं यूट्यूब चॅनलही नाही. मला हा हातात मावणारा रेकॉर्डर एकाच कामासाठी हवा होता. आमचे नाना, म्हणजे माझे चुलते, बत्तीस वर्षं दुबईत होते, आता अठ्ठ्याहत्तरचे झालेत, आणि त्यांचं सगळं बोलणं त्यांच्याच आवाजात घरात राहावं असं मला फार वाटत होतं. मग नानांवरून त्यांच्या मोहल्ल्यातल्या दोस्तांकडे गेले, जानेवारीत भावाकडे दुबईला वीस दिवस होते तेव्हा तिथल्या माणसांचंही केलं, असं करत करत आज एकवीस जणांचं मिळून सव्वीस तासांचं बोलणं जमलंय. त्यामुळे रिव्ह्यू लांबणार आहे.

मोबाइलवर का नाही, हे सगळेच विचारतात. पहिले दोन वेळा मोबाइलवरच केलं होतं. मधेच कोणाचा तरी कॉल, नाहीतर व्हॉट्सअॅपचा टिंग, आणि नाना एकदा थांबले की थांबलेच. हा ठेवला तेव्हा म्हणाले, "बाय, हे काय गो ठेवलंस?" मी म्हटलं टेपरेकॉर्डर आहे, छोटा. "मग ठीक." टेपरेकॉर्डर म्हटल्यावर त्यांना ओळखीचा वाटला, पाच मिनिटांत त्याच्याकडे बघायचे पण बंद झाले.

आवाज खरंच सुंदर येतो. पुढे दोन माइक कात्रीसारखे तिरके बसवलेत, त्यामुळे कोण कुठून बोलतंय ते हेडफोनमधे स्पष्ट कळतं, नाना झोपाळ्यावर, आणि काकू आतून ओरडून सांगतायत की "चौऱ्याहत्तरला नाही हो, त्र्याहत्तरला". पेन्सिल सेलच्या दोन छोट्या बॅटऱ्यांवर चालतो, एका जोडीत मला आठ-नऊ तास आरामात मिळाले, आमच्याकडे पावसात लाइट गेली की गेली, तेव्हा हे फार बरं पडतं. एमपीथ्री ठेवू नका, जागा वाचते पण पुढे पन्नास वर्षं टिकवायचं असेल तर वेव्ह फाइलच ठेवा, ४८ किलोहर्ट्‌झ २४ बिट, तासाला साधारण १ जीबी जातं, ३२ जीबीच्या कार्डात तीसेक तास बसतात.

ठेवताना टेबलावर नुसता ठेवू नका. कप ठेवला, हात आपटला, सगळं धडाधड येतं. मी पंचाची चार पदरी घडी करून त्यावर ठेवते, तोंडापासून हातभर लांब. फॅन बंद करायला लागतो, मे महिन्यात हे किती अवघड आहे ते कोकणातल्यांना सांगायला नको, म्हणून पहाटे साडेसहाला चहा झाला की बसायचं.

नाना १९७२ साली ‘द्वारका’ बोटीने गेले. मुंबईहून आखातात जाणाऱ्या त्या बोटींचं नाव आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे, विमान परवडायचं नाही तेव्हा. यातलीच ‘दारा’ नावाची बोट ८ एप्रिल १९६१ ला दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि २३८ माणसं गेली, तरी लोक जातच राहिले. नाना म्हणतात दुबईची खाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं आपण दाभोळलाच आलो, ह्या काठाला बर दुबई, त्या काठाला देरा, मधे माणसं भरून लाकडी होड्या, जसं इकडे दाभोळ आणि पलीकडे धोपावे. (बहामनी काळात दाभोळला आखातातून घोडे उतरायचे, म्हणजे ही ये-जा काही आजची नाही.) पुढे ते वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या कामावर प्लंबर होते, ३९ मजले, आजूबाजूला नुसती वाळू. १९७९ मधे राणी एलिझाबेथ उद्घाटनाला आली. पण नाना इमारतीबद्दल दोन वाक्यं बोलले आणि पाण्याबद्दल वीस मिनिटं. उन्हाळ्यात टाकी एवढी तापायची की नळाला उकळतं पाणी, म्हणून रात्री बादली भरून खोलीत ठेवायची आणि सकाळी त्याने आंघोळ, सोळा माणसं, सोळा बादल्या, आणि कोणाची कुठली ते ओळखायला प्रत्येकाने कडीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. नानांची निळी होती. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि मी त्यांच्याच घरात वाढलेय.

दुबईत मी खेडच्या बाजूचा, तिथल्या सतवा भागातला एक टेलर, बकाला म्हणजे किराणा दुकान चालवणारे एक मल्याळी काका, स्वातचा एक पठाण ड्रायव्हर, सलूनमधे काम करणारी एक फिलिपिनो बाई, अशांशी बोलले. सगळ्यांना आधी विचारून, परवानगी दिली ते बोलणंही सुरुवातीलाच रेकॉर्ड करून, कारण तिथे न विचारता कोणाचं काही टिपणं हा गुन्हा आहे आणि तसंही ते बरोबर नाही. दोघं नको म्हणाले, त्यांच्याकडे नुसता चहा प्यायले. त्या शहराची अडचण म्हणजे एसीची घरघर, ती चोवीस तास असते, आपल्या कानाला जाणवत नाही पण माइकला जाणवते. त्यासाठी लो कट म्हणून खालचे जाड आवाज कापणारं बटण आहे, ते ८० हर्ट्‌झवर ठेवलं की घरघर बरीच कमी होते आणि माणसाचा आवाज बिघडत नाही. बाहेर वाऱ्यात मात्र सोबत आलेली स्पंजची टोपी काही कामाची नाही, आखातातला शमालचा वारा असो की हर्णैच्या बंदरावरचा, केसाळ टोपी वेगळी विकत घ्याच.

एक मोठं नुकसान झालं ते सांगते. कार्ड मी भलत्याच ठिकाणाहून स्वस्तात घेतलं होतं. होडी चालवणाऱ्या एका बांगलादेशी माणसाने एक दिरहॅमच्या फेऱ्या मारता मारता चाळीस मिनिटं आपल्या आईबद्दल सांगितलं, रात्री लावून बघते तर फाइल शून्य केबी. दुसऱ्या दिवशी गेले, त्याची पाळी बदललेली, तिसऱ्या दिवशी पण नाही दिसला. तेव्हा कार्ड चांगलंच घ्या, आधी पाच मिनिटं रेकॉर्ड करून ऐका, आणि बॅटरी काढायच्या आधी स्टॉप दाबून फाइल बंद झाली ना ते बघा.

बाकी तक्रारी छोट्या. स्क्रीन उन्हात दिसत नाही, बॉडी प्लास्टिकची हलकी आहे, आणि आपल्या दमट हवेत हा उघडा ठेवू नये, मी चिवड्याच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते.

आता लाइन-इन, म्हणजे दुसऱ्या यंत्रातला आवाज वायरने आत घ्यायचं बाजूचं छोटं भोक, ज्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही. ऐंशीच्या आसपास गल्फला गेलेली माणसं पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची, घरचे ती ऐकायचे आणि त्याच कॅसेटवर आपलं भरून परत पाठवायचे. आमच्या माळ्यावर अशी एकच उरलेली, बुरशी आलेली, रत्नागिरीत एकाने साफ करून दिली. नानांच्या जुन्या टू-इन-वनच्या (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) हेडफोनच्या भोकातून वायर ह्याच्या लाइन-इनला लावली. दोन्ही बाजूंना नानाच, तरुण, भरभर बोलणारे, पैसे पाठवलेत, घड्याळ पाठवतो वगैरे. आणि बी बाजूला ते संपल्यावर खरखर, आणि मग अचानक माझी आजी. नानांचं कमी भरलं होतं म्हणून तिचं शेवटचं पुसायचं राहिलं, बहुतेक पावणेदोन मिनिटं. लावणी झाली, पैसे पोचले, तू जेवत जा, आणि मागे कोंबडा आरवतोय. आजी मी तीन वर्षांची असताना गेली, मला तिचा आवाज माहीतच नव्हता.

नाना डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तो कोंबडा शेजारच्यांचा. आपल्याकडे तेव्हा नव्हता."

तेही रेकॉर्ड झालंय.